खांबावरची वरची खूण

ऑकलंड, ८ मार्च १९९८

तांगी आत्या,

किया ओराना. आतोबांना आणि रोंगोलाही.

आधी बातमी सांगते. मला नोकरी लागली. मुलांच्या इस्पितळात वाढीचा एक वेगळा विभाग आहे, तिथे. बाबा चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटलेत की मुलगी डॉक्टर झाली. मी डॉक्टर झालेली नाही. पदवी शास्त्राची आहे आणि काम मुलांना भिंतीशी उभं करून मोजायचं आहे. पण आपल्या घरातलं कोणी या इमारतीत फरशी पुसायला नव्हे तर कागदावर सही करायला येतं, हे आईला अजून खरं वाटत नाही. पहिल्या दिवशी ती मला सोडायला दारापर्यंत आली आणि रखवालदाराला माझं नाव दोनदा सांगून गेली.

इथे माझ्या भावासारखी, आपल्या रोंगोसारखी मुलं येतात. रक्ताच्या कॅन्सरनंतर ज्यांना दुसऱ्याच्या हाडांतली मज्जा दिली, ती. मला वाटत होतं, सतराव्या वर्षी मी पालथी पडून कमरेच्या हाडातून मज्जा दिली, ती त्याच्यात रुजली, तो बरा झाला, संपलं. इथे कळलं की डॉक्टरांचं खरं कुतूहल त्यानंतर सुरू होतं. मज्जा देण्याआधी मुलाच्या सगळ्या अंगाला किरणं देतात. त्या किरणांनी पुढे कितीतरी मुलांची वाढ मंदावते, आणि पायांपेक्षा पाठ मागे राहते. म्हणून इथे मुलाला उभं मोजतात आणि बसवूनही मोजतात.

तू दर चार महिन्यांनी पाठवतेस ते आकडे मी आमच्या तक्त्यावर मांडले. आत्या, रोंगो छान वाढतोय. तुझे आकडे चांगले होते म्हणूनच तर गेल्या वर्षीची त्याची इथली तपासणी आपण टाळली. आता एक कर. त्याला गोधड्यांच्या पेटीवर बसव, पाठ खांबाला टेकव आणि पेटीपासून डोक्यापर्यंत मोज. तसंच उभं. दोन्ही आकडे धाड. मला फार उत्सुकता आहे.

तुझी अकाइती


आतिऊ, २९ मार्च १९९८

अका पोरी,

तुझं पत्र बेटावर विमानातून उतरलं ते थेट पास्टरच्या बायकोच्या हातात पडलं. मला मिळेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की तुला नोकरी लागली. पदवीच्या झग्यातला तुझा फोटो बैठकीत आहे, त्याला शिंपल्यांची माळ घातली आहे. आतोबा म्हणतात, चार वर्षं शिकून टेपच धरायची होती तर आत्याकडे राहिली असतीस, फुकट शिकवलं असतं. मनावर घेऊ नकोस. फोटोसमोर सगळ्यात जास्त वेळ तेच उभे राहतात.

तू म्हणालीस तसं केलं. सकाळी डोकं विंचरून, बांधून दिलं, मग मोजलं. उभा एकशे पंचवीस, पेटीवर अडुसष्ट. स्वयंपाकघराच्या खांबावर नेहमीसारखी चाकूने खूणही केली.

आता माझी बातमी. रोंगोचं जावळ येत्या जानेवारीत काढायचं ठरवलंय. जावळाआधी कात्री लावायची नाही, म्हणून त्याचे केस पाठीच्या मध्यापर्यंत आलेत. तुम्ही सगळे तेव्हा सुट्टीवर याल, रारोटोंगाहून त्याचे काका येतील. मी आणि शेजारणी मिळून खुर्चीवर अंथरायची गोधडी शिवतोय, पांढऱ्यावर लाल जास्वंद. तारोचे कंद लावून झालेत, डुकरं वाढतायत. पहिली बट आतोबा कापतील, दुसरी तू. तुझी कात्री मी वेगळी ठेवली आहे, तिने कोणी मासे साफ करायचे नाहीत असं घरात सांगून ठेवलंय.

तुझी तांगी आत्या


ऑकलंड, १९ एप्रिल १९९८

तांगी आत्या,

तुझे आकडे आले आणि मी चक्रावून गेले.

उभ्या उंचीतून बसलेली उंची वजा केली की पायांची लांबी निघते. रोंगो इथून गेला तेव्हाची त्याची मापं इस्पितळाच्या कागदांत आहेत. तेव्हापासून त्याचे पाय जेमतेम वाढलेत आणि पाठ भराभर. इथे येणाऱ्या प्रत्येक मुलाचं याच्या उलट असतं. मी तीनदा वजाबाकी केली. मग डॉक्टर लॉमॅक्सना दाखवलं. बाई साठीच्या आहेत, बोलतात कमी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "किरणांनंतर पाठ पायांच्या पुढे पळालेली मी आजवर पाहिली नाही. एक तर हा मुलगा नवा आहे, नाही तर टेप नवी आहे."

त्या हसत होत्या, पण मी गंभीर आहे. आत्या, मुलगा नवा असेल तर? बहिणीची मज्जा त्याच्यात अशी काही रुजली असेल की किरणांचं नुकसान भरून निघालं? तसं असेल तर किती मुलांना त्याचा उपयोग होईल याचा विचार कर. मी इस्पितळाच्या ग्रंथालयात बसून जुने अहवाल वाचतेय. आई म्हणते, डोळे जातील.

म्हणून काही गोष्टी विचारते, रागावू नकोस. मोजताना पायाखाली चटई असते का? टाचा खांबाला टेकतात का? टेप शिवणकामाची आहे की सुताराची? त्याच्या शाळेच्या पँटी आखूड होतायत का? आणि ९६च्या नाताळात चपलांसाठी पाठवला होतास तसा पायाचा कागद पाठव. तो जुना कागद मी जपून ठेवलाय.

तुझी अका


आतिऊ, १० मे १९९८

अकाइती,

चटई नसते. टाचा टेकतात. टेप आतोबांची आहे, तिने आमचं घर बांधलंय आणि घर सरळ उभं आहे. त्या डॉक्टरीणबाईंना सांग, आतिऊची टेप नवी नाही.

पायाचा कागद सोबत आहे.

मुलगा खातो, पळतो, झाडावर चढतो. परवा खडकातल्या गुहेत पाखरं बघायला गेला तर जेवायला हाक मारून माझा घसा बसला. आजारी मूल असं असतं का? मी त्याला जन्मल्यापासून सांभाळलंय. तुझ्या आईनं तो माझ्या मांडीवर ठेवला तो कायमचा ठेवला, आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. मधली दोन वर्षं तुमच्याकडे गेला ती आजारासाठी. आता तो इथे आहे. तुला वाचायला अहवाल पाहिजेत तर दुसऱ्यांचे वाच.

कॉफीची बी वाळत घातली आहे, ढग आलेत. इथेच थांबते.

तांगी आत्या

*अका, मी रोंगो. आत्या कॉफी झाकायला गेली म्हणून खाली लिहितो. पायाभोवती पेन्सिल फिरवताना गुदगुल्या झाल्या, म्हणून रेघ वाकडी आहे. माझा अंगठा तसा नाही. मोजताना आत्या मला अजिबात हलू देत नाही. बुचड्यावर भजनाचं पुस्तक अलगद ठेवते, म्हणजे बुचडा दबत नाही. मला ते आवडतं, कारण तेव्हा मी तुपूएवढा असतो. तुपू माझ्याच वर्गात आहे. चर्चमध्ये गाताना तो मागच्या रांगेत गेला, मी अजून पुढे बारक्यांत आहे. तिथे बुचडा धरत नाहीत.*


ऑकलंड, ३१ मे १९९८

आत्या,

पायाचे दोन्ही कागद मी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. दीड वर्षात पाय वाढलेला नाही. एक वाकडा अंगठा सोडला तर रेघ रेघेवर बसते.

तू बुचड्यासकट मोजत होतीस. उभं मोजलंस तेव्हाही आणि बसवून मोजलंस तेव्हाही, म्हणून पाय खरे निघाले आणि पाठ खोटी. केस लांबत गेले, बुचडा मोठा होत गेला, आणि आम्ही इथे म्हणत राहिलो की मुलगा वाढतोय.

केस म्हणजे उंची नव्हे. हे तुला ठाऊक नाही असं मला वाटत नाही.

त्याला लगेच पाठव. केस जानेवारीपर्यंत ठेवायचे असतील तर ठेव, पण इथे ते सोडून, दाबून मोजावं लागेल. तिकिटाचं मी बघते.

अकाइती


ऑकलंड, ५ जुलै १९९८

आत्या,

पाच आठवडे झाले. विमानं येतायत, तुझं पत्र येत नाही. मागचं पत्र मी रागात लिहिलं. परत वाचते तेव्हा त्यात 'लगेच' आणि 'खोटी' हे दोनच शब्द दिसतात.

काल बाबांना विचारलं, रोंगोला आतिऊला परत सोडताना आत्याला तुम्ही नेमकं काय सांगितलं होतं. त्यांनी चहात आणखी एक चमचा साखर घातली आणि म्हणाले, बरा झाला एवढंच सांगितलं, बाकी सांगून तिला कशाला घाबरवायचं. किरणांनी वाढ थांबू शकते हे कागदावर लिहिलेलं होतं. सही बाबांनी केली, आणि तुला कोणीच काही सांगितलं नाही. मी पहिल्या पत्रात ते असं लिहिलं, जणू तुला ठाऊकच आहे.

तर आता सांगते. मुलाच्या हाडांच्या टोकांना मऊ भाग असतो, वाढ तिथून होते. वयात आलं की तो भाग घट्ट होतो, आणि मग कोणतंही औषध उंची देत नाही. रोंगो नऊ वर्षांचा आहे. त्याची वाढ कशाने अडली आहे हे रक्त तपासून आणि हाताचा एक्स-रे काढून कळेल. थायरॉइड असेल तर गोळी आहे. डोक्यातून येणारं वाढीचं पाणी, डॉक्टर त्याला हार्मोन म्हणतात, ते आटलं असेल तर रोज घ्यायचं इंजेक्शन आहे. पण वेळ गेल्यावर काही नाही. त्याला आत्ताच पाठव म्हणते ते एवढ्यासाठी.

तो इथे राहायला येणार नाही, तपासायला येणार आहे. आत्या, मला एक मात्र खरंच समजून घ्यायचंय. तू कापड बेतताना सुताएवढी चूक करत नाहीस. मग बुचडा का धरलास?

तुझी अका


आतिऊ, २६ जुलै १९९८

अका पोरी,

तू विचारलंस म्हणून लिहिते. आज्ञा केलीस तेव्हा मुद्दाम लिहिलं नाही.

रोंगो तुमच्याकडे गेला तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याचं जावळ काढायची मी तयारी करत होते. पहिली गोधडी शिवून झाली होती. ते केस आजारानं नेले, आम्हाला कापायला मिळाले नाहीत. परत आला तेव्हा डोकं सोललेल्या नारळासारखं होतं, वर जराशी लव. तुझ्या बाबानं पोस्टातल्या फोनवर सांगितलं होतं, तांगी, आता याच्या अंगात अकाइतीचं रक्त आहे. मी ती लव बघितली आणि मनात म्हटलं, रक्त तिचं, तर त्यावर उगवलेले हे केसही तिचेच. तू दिलंस त्यातलं डोळ्यांना दिसण्यासारखं एवढंच होतं. ते सोडून मी त्याची उंची कशी मोजणार? पुस्तक जोरात दाबलं असतं तर वाटलं असतं, तुलाच खाली बसवतेय.

इथल्या दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, केस रक्तातून येत नाहीत, ते त्याचे त्याचेच आहेत. असतील. तीन वर्षं ते मी तुझे म्हणून विंचरलेत.

आणि तू म्हणालीस ते बरोबर आहे, मला दिसत होतं. पँटीची दुमड दोन वर्षांत एकदाही सोडावी लागली नाही. तुपूची आई दर सहा महिन्यांनी सोडते. मी स्वतःला सांगायची, केस वाढतायत, बाकीचं मागून येईल. आणि भीती होती. वाढत नाही असं कळवलं की तुम्ही त्याला नेणार. मागच्या वेळी नेलात तेव्हा दोन वर्षं घरात एकच ताट कमी होतं, पण आतोबांनी जेवताना बोलणं सोडलं होतं. घाबरवायचं नव्हतं म्हणून तुझ्या बाबानं सांगितलं नाही, आणि घाबरले होते म्हणून मी सांगितलं नाही. बहीण-भाऊ शोभतो.

काल जावळ काढलं.

लोक म्हणाले, वेडी झालीस, जानेवारीपर्यंत थांब. तारो लहान आहे, डुकरं लहान आहेत. मी म्हटलं, मुलगाही लहानच आहे, म्हणून तर. गोधडीचा एक कोपरा शिवायचा राहिला होता, तो खाली दुमडून खुर्चीवर अंथरली. रारोटोंगाहून एकच काका आला. केसांच्या बटा करून रिबिनी बांधल्या, एकेकानं येऊन एकेक कापली. आतोबांनी कात्री कानाच्या इतकी जवळ नेली की रोंगोच म्हणाला, "आतोबा, माझे कान राहू द्या."

मग आम्ही खांबाशी गेलो. पुस्तक ठेवलं, दाबलं, खूण केली. आधीच्या खुणेच्या खाली चार बोटं. रोंगोनं मागे वळून दोन्ही खुणा बघितल्या, मग मला विचारलं, "खरा मी खालचा का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग तिथपर्यंत जायचंय ना. आणि खेळायला पळाला. मी तिथेच बसले.

वरची खूण खरवडलेली नाही. राहू दे.

पुढच्या शुक्रवारच्या विमानानं पाठवते. तुझी बट कोणाला कापू दिली नाही. ती खाली मानेपाशी ठेवली आहे, मोजताना आड येणार नाही. कात्री त्याच्या पिशवीत आहे.

तुझी आत्या


ऑकलंड, २० सप्टेंबर १९९८

तांगी आत्या,

बट कापली. इस्पितळात नाही, घरी, आईच्या खुर्चीवर चादर घालून. बाबांनी प्रार्थना म्हटली आणि मधेच थांबले. रोंगोनं ती पुढची म्हणून पूर्ण केली.

आता सगळं जसंच्या तसं सांगते, यापुढे तसंच सांगायचं ठरवलंय. थायरॉइड मंद आहे, गोळी सुरू झाली. वाढीचं पाणीही कमी पडतंय. गेली चार वर्षं आजार परतला नाही हे बघून, दोनदा बैठक घेऊन, डॉक्टरांनी इंजेक्शनला होकार दिला. त्याच्या डाव्या हाताचा एक्स-रे मी स्वतः बघितला. हाडं सहा वर्षांच्या मुलाची आहेत. मला रडू येणार होतं, तर डॉक्टर लॉमॅक्स म्हणाल्या, "ही चांगली बातमी आहे. घड्याळ थांबलं होतं, म्हणजे वेळ शिल्लक आहे."

तो आतोबांएवढा होणार नाही. पाठ थोडी आखूडच राहील. गेलेलं सगळं भरून येणार नाही, पण पुढचं तरी हातचं जाऊ नये यासाठी हे आहे. मी त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, मोटारसायकलवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतील का. मी म्हटलं, तेवढं बहुतेक होईल. मग चालेल, म्हणाला.

तुझं नाव मी कागदावर लिहून दिलंय. 'मुलाला कोण सांभाळतं' असं विचारलेल्या जागी. बाबांनी वाचलं आणि मान हलवली. जानेवारीत मी त्याला घेऊन येते. इंजेक्शन कसं द्यायचं ते तुला आणि नर्सबाईला शिकवीन. ते फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. आतोबांचे मासे वेगळ्या कप्प्यात. वर्षातून एकदा तपासायला तो इकडे येईल, आणि या वेळी कोणी टाळणार नाही.

तुझे आकडे चुकले होते, पण पायांचे खरे होते. ते तसे निघाले नसते तर मला शंका आली नसती. डॉक्टर म्हणाल्या, तुझ्या आत्यानं दोन्ही वेळा एकसारखंच मोजलं म्हणून हे कळलं. मी तुझ्या वतीनं आभार मानले.

तुझी अका


आतिऊ, १५ ऑगस्ट १९९९

अका,

तू शिकवून गेलीस तसं सगळं चाललंय. सुई मी देते, आतोबा खोलीबाहेर जातात. पहिल्या महिन्यात रोंगो रडला नाही, ते रडले. मासे आता शेजारणीच्या फ्रिजमध्ये असतात, कारण तुझ्या आतोबांना वाटतं वासानं औषध बिघडेल. नर्सबाईनं नाही म्हणून सांगितलं, तरी.

मोजणं मी बदललंय. भजनाचं पुस्तक इतकं दाबते की रोंगो म्हणतो, आत्या, तू मला वाढवतेस की ठोकतेस. नर्सबाई समोर उभी राहून बघते आणि आकडा तीच लिहिते. तो तुला तिच्या कागदावर वेगळा येईल, तक्त्यावर मांडायला.

वरच्या खुणेला अजून पोचलेला नाही. तिला आम्ही तुझी खूण म्हणतो. रोज सकाळी शाळेत जाताना तो तिच्यावरून बोट फिरवतो. आधी डोकं तिथवर न्यायला टाचा उचलायचा, आता उचलत नाही.

चर्चमध्ये अजून पुढच्याच रांगेत आहे. पण परवा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीनं, पास्टरच्या धाकटीनं, तक्रार केली की याच्या खांद्यामुळे तिला वही दिसत नाही. मी तिला घरी बोलावून केळ्याचं गोड पोके खायला दिलं.

पँटीची दुमड सोडली. कापड आतून अगदी नवं निघालं, बाहेरचं विटलेलं. आता तिथे निळी पट्टी दिसते. तुपूची आई म्हणाली, रंगवून देते. मी नको म्हटलं.

चपला पाठव. पायाचा कागद सोबत आहे. या वेळी तो हसला नाही, शहाण्यासारखा उभा राहिला, अंगठा सरळ आहे. आकडा मी लिहीत नाही. तुझ्याकडचे दोन जुने कागद काढ, खिडकीच्या काचेवर धर, आणि हा त्यांच्यावर ठेव.

तुझी आत्या